अल्सीद ह्यूस्टनला खेळणार नाही

डुलूथ, ५ डिसेंबर

प्रिय पराँ,

तुम्ही माझे मामा, बाप्तिस्म्यापासूनचे पराँ, तरी माझा फोन उचलत नाही. तुमची क्लोटिल, आमची टाँट, उचलते, "ते अंगणात आहेत" म्हणते, आणि मागून तुम्ही टीव्हीवर ओरडताना ऐकू येता. म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडता येतं, पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. आत काय लिहिलंय हे बघितल्याशिवाय तुम्ही ते फाडणार नाही.

अल्सीद ह्यूस्टनचा कॉलेज फुटबॉलचा बाउल सामना खेळणार नाही. हे तुम्हाला त्याच्या तोंडून कळायला हवं होतं. रोलँडच्या दुकानात दाढी करताना टीव्हीवर कळलं, याचं त्याला वाईट वाटतंय. त्यानं सकाळी फोन केला होता, तेव्हा तुम्ही चर्चमध्ये होतात. कोचना दुपारच्या आत जाहीर करायचं होतं.

त्यानं निवेदनात जे म्हटलंय तेच कारण आहे. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजची मुलं निवडतील. त्याचं नाव अगदी वरच्या मुलांमध्ये घेतलं जातंय. तोवर त्याला शरीर धोक्यात घालायचं नाही. हंगाम नोव्हेंबरात संपला. ह्यूस्टनचा सामना निमंत्रणाचा आहे. जिंकला तर चषक मिळेल, हरला तर काही बिघडणार नाही, आणि दोन्ही प्रकारांत संघ होता तिथेच राहील. दर डिसेंबरात त्याच्यासारखे कितीतरी खेळाडू हाच निर्णय घेतात. आता त्यांची नावं वाचून कुणी भुवईही उंचावत नाही. आपलं ऑपलूसस गाव सोडून.

मी पुलांचे लोखंडी सांधे तपासते. ज्या पुलावरून उद्यापासून रोज रहदारी जायची आहे, त्यावरून आज हौसेखातर रणगाडा नेऊ नये, असं माझं मत आहे. यात मला भावनेचा प्रश्न दिसत नाही.

आमच्या आईनं निर्णय मान्य केलाय. कृपा करून तिला पुन्हा विचारू नका. तुम्ही विचारलंत की ती रात्री मला विचारते.

तुमची,
ओडिल


ऑपलूसस, १० डिसेंबर

पोरी,

पाकीट उघडलं. फाडलं नाही. तुझ्या टाँटनं पत्र फ्रिजवर लावून ठेवलंय, माझी जिरवायला. दूध घ्यायला गेलो की रणगाडा दिसतो.

मग ऐक. रोलँडनं माझ्या तोंडाला साबण फासलेला, वस्तरा गळ्यापाशी, आणि ती टीव्हीवरची बाई हसत हसत सांगते की अल्सीद ओझेननं माघार घेतली. मी उठायला गेलो. रोलँड म्हणतो, "नुमा, हलू नकोस, तुझ्या भाच्यापायी मला तुरुंगात घालशील." अख्खं दुकान खिदळलं. मी अर्ध्या दाढीनं घरी आलो. तुझी आई आमच्याकडे आलेली, दारात उभी. तिला म्हटलं, "हा काय प्रकार?" ती म्हणाली, "नुमा, आधी तोंड धू."

तू म्हणतेस भावनेचा प्रश्न नाही. बरं. मग तुझ्याच भाषेत बोलतो. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच जणांची रांग असते. त्यातला डाव्या टोकाचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण चेंडू फेकणाऱ्याची पाठ त्या बाजूला असते. तिकडून कोण येतंय हे त्या बिचाऱ्याला दिसत नाही. तो डोळे मिटून अल्सीदच्या भरवशावर उभा असतो. मी जन्मभर शाळेतल्या पोरांना हेच शिकवलं की कंटाळा येऊ दे, मार लागू दे, रांग सोडायची नाही. आणि माझ्याच बहिणीच्या पोरानं सोडली. त्याच्या जागी कोण? टिप्टन म्हणून कुणी आहे. पाच वर्षं बाकावर बसून पाणी पितोय.

चर्चनं बस ठरवलीये. अख्खी भरली. सगळ्यांनी अल्सीदच्या नंबरचे शर्ट शिवून घेतले. फादर ट्राहाननं सुद्धा. आता ते शर्ट घालून त्यांनी टिप्टनला बघायचं?

आणि हे डोकं अल्सीदचं नाही. तो पोरगा अंगात ताप असताना खिडकीतून उडी मारून मैदानावर यायचा. हे डोकं तुझं आहे. तू लहानपणापासून अशीच. जत्रेत सगळी पोरं पाळण्यात चढायची आणि तू खाली वाकून नटबोल्ट बघत बसायचीस.

ख्रिसमसला येऊ दे त्याला. अंगणात बघतो मी त्याच्याकडे.

पराँ


डुलूथ, १५ डिसेंबर

प्रिय पराँ,

नटबोल्ट मी बघायचे, हे खरं आहे. एक सैल निघाला होता, हेही तुम्हाला आठवत असेल.

तुमचं म्हणणंही बरोबर आहे. त्यानं मला विचारलं आणि मी त्याला खेळू नकोस म्हणून सांगितलं. माझं म्हणणं त्यानं लगेच मान्य केलं नाही. शेवटी केलं. राग असेल तर तो माझ्यावर असू दे. मी दूर आहे, इथं तळं गोठलंय, आणि ऑपलूससमध्ये मला कोणी काय म्हणतं याची मला फारशी झळ लागत नाही. त्याला लागते. रोलँडच्या दुकानात काय बोललं गेलं ते त्याला संध्याकाळपर्यंत कुणीतरी कळवलं होतं, अर्ध्या दाढीसकट.

मी ख्रिसमसला येऊ शकत नाही. कालव्यावरचा पूल बंद ठेवलाय, आणि आमची तपासणी संपेपर्यंत तो उघडणार नाही. म्हणून एक गोष्ट पत्रातच मागते.

यंदा अंगणातला धक्का नको.

दर ख्रिसमसला जेवण झालं की घरातले पुरुष पिकानच्या झाडाखाली एकेक करून तुमच्यासमोर वाकतात आणि तुम्हाला मागे रेटायचा प्रयत्न करतात. तुम्हाला झाडापलीकडे जो नेईल तो दिवसभर तुमच्या खुर्चीत बसणार आणि तुम्ही त्याला वाढणार. अल्सीद सोळा वर्षांचा असल्यापासून तो मान त्याच्याकडेच आहे. मला माहीत आहे की तुम्ही हे वर्षभर मनात घोळवता. पण यंदा नको. त्यानं डॅलसच्या एका वकील एजंटबरोबर करार केलाय आणि त्यात अशा गोष्टींना मनाई आहे. कारण म्हणून एवढं पुरे व्हावं.

त्याला गंबोचा रस्सा द्या, बसू द्या, टाँटच्या आत्याच्या लांबलचक गोष्टी ऐकू द्या. बाकी तुम्ही त्याला काय सुनवायचं ते सुनवा. ते तो ऐकून घेईल.

ओडिल


ऑपलूसस, १९ डिसेंबर

ओडिल,

करार!

माझ्या अंगणात करार. माझं झाड, माझी खुर्ची, माझा भाचा, आणि मध्ये कोण तर डॅलसचा एक वकील. उद्या मला सांगशील की त्याला मिठी मारायची तर आधी सही लागेल.

तुझी आई म्हणते गप्प बस. क्लोटिल म्हणते गप्प बस. कुत्रा तेवढा काही म्हणत नाही.

तुला एक सांगतो, हसू नकोस. काल फोन आला. बाईचा आवाज, अगदी हळू. "मिस्टर लेमेल का? मी बंकी गावची. माझ्याकडे गाडी नाही. तुमच्या बसमध्ये एखादी जागा मिळेल का? माझा मुलगा खेळणार आहे." मी म्हटलं, कोण मुलगा? म्हणाली, केल्विन टिप्टन. पाच वर्षांत तो पहिल्यांदाच सुरुवातीपासून मैदानात उतरणार, असं म्हणाली. मी काय म्हणणार? जागा दिली. फोन ठेवल्यावर क्लोटिल माझ्याकडे बघून नुसती हसत होती. मी तिला म्हटलं, जागा रिकामी होती म्हणून दिली. बस भरलेली आहे हे तिला माहीत आहे. मला आता पुढे ड्रायव्हरशेजारच्या फळीवर बसावं लागणार.

पण अल्सीदचं वेगळं. ख्रिसमसला अंगणात उतरायचं. करार घेऊन ये म्हणावं, झाडाला टांगू.

नुमा लेमेल


ऑपलूसस, २७ डिसेंबर

पोरी ओडिल,

हे पत्र मी एकट्यानं लिहितोय. क्लोटिल चर्चला गेलीये. वाचून झालं की जाळून टाक. नाही तर राहू दे, तुझ्या फ्रिजवर तरी कोण बघणार.

अल्सीद परवा सकाळी आला. तुझ्या आईला उचलून गोल फिरवायचा तो, यंदा नुसता मिठी मारून उभा राहिला. मी म्हटलं, झालं, आता आईला उचलायलाही कराराची परवानगी लागते. मोठ्यानं म्हटलं. तो हसला. जेवताना मी काय काय बोललो ते तुला सांगत नाही. तुझ्या भावांनी, मामेभावांनी मला साथ दिली. त्यातला लिओनार्ड म्हणाला, "अल्सीद, गंबोत खेकड्याचं कवच आहे, दाताला लागेल, वकिलाला विचार." पोरगा सगळ्यांना हसून उत्तरं देत होता आणि खाली बघून खात होता.

मग मी अंगणात गेलो आणि हाक मारली. "या साहेब! का खुर्ची आपणहून देता?"

तो आला. मला वाटलं येणार नाही. तुझी आई खिडकीत होती, सगळे ओट्यावर. तो समोर येऊन वाकला.

आता नीट ऐक. मी चाळीस वर्षं पोरांना वाकायला शिकवलं. हात जमिनीला, पाठ सपाट आणि मान वर. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. मान खाली घालून धडक दिली की सगळा जोर मणक्यात जातो. म्हणून हे मी मारून मुटकून शिकवतो. अल्सीदला तर तो सात वर्षांचा असताना मी शिकवलं. तो माझ्या डोळ्यांत असा बघायचा की मला हसू यायचं.

परवा तो वाकला आणि गवताकडे बघत राहिला. मी म्हटलं, "वर बघ." त्यानं वर बघायचा प्रयत्न केला. थोडंसं आलं आणि तिथे थांबलं. आणि डाव्या हाताची बोटं तो उघडत होता, मिटत होता, जसं हात झोपला की आपण करतो.

पोरी, मी त्याला धडकणारच होतो. पाय उचलला होता.

मग मी काय केलं असेल? ओरडलो, "आई गं, माझी पाठ!" आणि आडवा झालो. सरळ गवतात. एवढ्या जोरात पडलो की खरंच कुठेतरी लागलं. सगळे धावले. लिओनार्ड म्हणाला, "धक्का लागायच्या आधीच म्हातारा पडला!" ओट्यावर हशा. रोलँडला फोनवर चित्रफीत गेलीसुद्धा. मला चौघांनी उचलून सोफ्यावर टाकलं. क्लोटिलनं पाठीला गरम कापड लावलं, मग ते तापवून पुन्हा लावलं, मग काहीतरी झोंबणारं चोळलं. संध्याकाळपर्यंत हललो नाही. हललो असतो तर पितळ उघडं पडलं असतं.

अंधार पडायच्या आधी अल्सीद माझं ताट घेऊन आला. खोलीत आम्ही दोघंच. मी म्हटलं, "मान?" तो म्हणाला, "हो." मी म्हटलं, "कधीपासून?" म्हणाला, "नोव्हेंबर." "ओडिलला माहीत आहे?" "तिनंच थांबवलं." "तुझ्या आईला?" "नाही. जानेवारीत कळेल काय ते, मग सांगणार." मी म्हटलं, "बरं. अजून थोडा भात आण."

तो गेला आणि मी तोंडावर टॉवेल घेतला. क्लोटिलला वाटलं पाठ दुखतेय.

जानेवारीत काय कळणार आहे? मला सांग. आणि करार वगैरे काही नव्हतं ना?

पराँ


डुलूथ, ३० डिसेंबर

प्रिय पराँ,

पत्र मी दोनदा वाचलं. जाळलं नाही.

करारात अंगणाचा उल्लेख नाही. ते कारण मी तयार केलं होतं. खरं कारण सांगायला अल्सीदनं मला मनाई केली होती, आणि त्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. तुम्हाला सांगायचं नाही, असंही तो म्हणाला होता. त्याचे शब्द असे होते: "पराँला सांगितलं की रोलँडला कळतं, आणि रोलँडला कळलं की वर्तमानपत्रांना." मीही तसंच धरून चालले होते. ते धरणं चुकलं.

आता सगळं सांगते.

नोव्हेंबरात दोन वेगवेगळ्या सामन्यांत धडक बसल्यावर त्याच्या डाव्या खांद्यापासून बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं झालं आणि हात काही क्षण मेला. रांगेत खेळणाऱ्यांना असं अधूनमधून होतं, म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी हात लवकर परत आला नाही, तेव्हा त्यानं मला फोन केला. मी त्याला म्हटलं, संघाच्या डॉक्टरला आत्ता सांग, मी फोनवर थांबते. त्यांनी एमआरआय काढला. मानेतल्या एका चकतीला फुगवटा होता आणि तिथं सूज होती. त्या जागी नस आधीच जरा अरुंद वाटेतून जाते. सूज आहे तोवर एकही धडक नको, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी डॅलसच्या एका तज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं की जानेवारीत पुन्हा बघू. सूज उतरली आणि वाट पुरेशी रुंद निघाली तर तो पूर्ववत खेळेल. नाही निघाली तर तो पुन्हा कधीच खेळणार नाही. मधलं काही नाही.

तो बाहेर बसायला तयार नव्हता. मानेला पट्टी बांधून ह्यूस्टनला खेळायचं त्यानं ठरवलं होतं, अगदी तुम्ही शिकवलंत तसं. मी त्याला सांगितलं की तू मैदानावर उतरलास तर मी विमानानं येईन आणि खेळाडू बाहेर येतात त्या वाटेत आडवी पडेन, माझ्या पिवळ्या जाकिटासकट. तो म्हणाला, तू असं करणार नाहीस. मी तिकीट काढून त्याला पाठवलं.

त्याचा संघ आणि कोच यांना खरं कारण माहीत आहे. बाहेर सांगायचं की नाही हे त्यानं ठरवलं. अर्धी बातमी बाहेर गेली तर एप्रिलमध्ये ती अर्धी म्हणूनच त्याच्या नावाला चिकटून राहील. फेब्रुवारीत व्यावसायिक संघांचे डॉक्टर त्याला तपासतील तेव्हा तो दोन्ही चित्रं, पहिलं आणि जानेवारीचं, स्वतःच समोर ठेवणार आहे. लपवायचं नाही, पूर्ण सांगायचं, हे आमचं ठरलंय. आईला आत्ता सांगितलं असतं तर महिनाभर ती झोपली नसती, आणि उपयोग काहीच नव्हता.

म्हणून लोक त्याला पैशाला हपापलेला म्हणत होते तेव्हा आम्ही त्यांना म्हणू दिलं.

तुम्ही गवतात पडलात, ते मला आधीच कळलं होतं. अल्सीदनं फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले. मग तेच त्याला पुन्हा सांगायला लावलं.

उद्या तुमची बस निघेल. पत्र तुम्हाला परत आल्यावर मिळेल.

तुमची,
ओडिल


ऑपलूसस, ३ जानेवारी

माझ्या पोरी,

पत्र मिळालं. क्लोटिलनं फ्रिजवर लावायला घेतलं होतं. मी म्हटलं हे नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग काही न विचारता परत दिलं. तिला काहीतरी कळलंय. काय ते मला विचारू नकोस, तिनं मला सांगितलेलं नाही.

आता बसची हकिगत. मी ड्रायव्हरशेजारच्या फळीवर. माझ्यामागे रोलँड. लेक चार्ल्स शहर येईपर्यंत त्यानं माझ्या पाठीची चित्रफीत बसभर दाखवली. मग अल्सीदवर आला. "नुमा, भाचा कुठेय? काचेच्या कपाटात ठेवलाय का? वर्षातून एकदा पुसता का?" पाठून कुणीतरी म्हणालं, "कपाटाला कुलूप घातलंय, आणि किल्ली वकिलाकडे." मीच दिलेली टिंगल मलाच परत येत होती.

तुला ठाऊक आहे मी कसा आहे. मला माणूस बोलला की मला उत्तर येतं, मी बोलावलं नाही तरी येतं. तोंडापर्यंत आलं होतं. एक वाक्य. एका वाक्यात ती बस थंड झाली असती आणि रोलँडनं माझे पाय धरले असते. फादर ट्राहाननं प्रार्थना सुरू केली असती.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तुला सांगतो, टेक्ससमध्ये खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. तरी बघितलं.

थोड्या वेळानं क्लोटिल मागून उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून गेली. ताप आहे का बघायला. रोलँड पुढे वाकला. म्हणाला, "नुमा, बरा आहेस ना? मी गंमत करत होतो." मी म्हटलं, "पाठ."

मैदानावर अल्सीद कडेला उभा होता. साधा स्वेटर, डोक्यावर टोपी. टिप्टन खेळत होता. पहिल्याच चढाईत त्याच्या बाजूनं एक दांडगा निसटला आणि आपला चेंडू फेकणारा असा आपटला की सगळ्यांनी श्वास रोखला. रोलँड उठून ओरडला, "हे बघा! हे होतं!" टिप्टनची आई माझ्या पुढच्याच ओळीत. तिचे खांदे वर आले. मला रोलँडला खाली खेचावंसं वाटलं, पण अल्सीदनं काय केलं ते बघ. टिप्टन कडेला आला तसा अल्सीद त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला, त्याच्या दोन्ही पावलांना हात लावून त्यांची जागा बदलली, आणि हातानं दाखवलं की तो दांडगा आधी आत झुकतो, मग बाहेर पळतो. तीन-चार वेळा दाखवलं. मग त्याच्या छातीवर थापटलं. नंतर सामनाभर प्रत्येक वेळी टिप्टन बाहेर आला की अल्सीद त्याच्यासमोर गुडघ्यावर. त्या दांडग्याला टिप्टननं पुन्हा एकदाही जाऊ दिलं नाही. एकदाही नाही, ओडिल. मी मोजत नव्हतो, पण मला कळतं.

हरलो आपण. अगदी थोडक्यात. परतीच्या बसमध्ये कुणी फार रडलं नाही. टिप्टनची आई मला म्हणाली, "तुमच्या भाच्याला माझा निरोप सांगा." मी म्हटलं, काय निरोप? तिनं विचार केला आणि म्हणाली, "काही नाही. नुसतं सांगा की मी तिथे होते." बंकीला ती उतरली तेव्हा रोलँडनं तिची पिशवी दारापर्यंत नेली.

मी पत्रात म्हटलं होतं की त्यानं रांग सोडली. ते खोडून टाक. पेन घे आणि खोड.

डॅलसला कधी जाणार? माझी झोप उडालीये. क्लोटिलला सांगतो पाठ.

पराँ


डॅलसबाहेर, ९ जानेवारी

प्रिय पराँ,

फोनवर मी तुम्हाला दोन शब्द सांगितले. तुम्ही लगेच ठेवलात, टाँट खोलीत होती म्हणून. म्हणून बाकीचं लिहून आणते, रात्री हातात देईन.

मी काल डॅलसला आले. तपासणी आज सकाळी झाली. तज्ज्ञ बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. सूज उतरली आहे. चकतीचा फुगवटा बराच मागे सरलाय. नसेची वाट त्यांनी तीन ठिकाणी मोजली, आणि तिन्ही ठिकाणी ती पुरेशी रुंद आहे. पहिल्या चित्रात ती अरुंद दिसत होती ती सुजेमुळे. मी मापं कुठून घेतली ते विचारलं. त्यांनी दाखवलं. मग मी एक माप पुन्हा घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतलं. तेच आलं. अल्सीद म्हणाला, "डॉक्टर, हिला माफ करा, ही पूल तपासते." मग त्यानं विचारलं, "म्हणजे साध्या भाषेत काय?" त्या म्हणाल्या, "म्हणजे फेब्रुवारीपासून सराव सुरू करा, आणि पुढच्या हंगामात कुणी तुम्हाला अडवलं तर ते मी नसेन."

तो उभा राहिला आणि बसला. मग पुन्हा उभा राहिला. बाई सवयीनं म्हणाल्या की अशा वेळी बरेच जण असं करतात.

त्यानं तिथूनच आईला फोन करून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती आधी रडली, मग तुमच्या पाठीबद्दल विचारलं. त्यानं तेही सांगितलं. एव्हाना तुम्हाला तिचा फोन आला असेल; पुन्हा आला की उचला.

अल्सीद म्हणतो, पराँनी आता कुणालाही सांगितलं तरी चालेल. रोलँडलाही. व्यावसायिक संघांना तो या आठवड्यात स्वतः कळवणार आहे. मी त्याला विचारलं, खात्री आहे? तो म्हणाला, "ते बसमध्ये गप्प बसले, ओडिल. त्यांना आता थोडं बोलू दे." तुम्ही सांगा किंवा नका सांगू.

दुपारी आम्ही गाडीनं ऑपलूससकडे निघालो. गाडी मी चालवत होते. शहर संपल्यावर काही वेळानं माझ्या लक्षात आलं की तो बोलायचा थांबलाय. वळून पाहिलं तर तो झोपला होता. नोव्हेंबरपासून तो पाठीवर, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल घेऊन, हलायचं नाही असं ठरवून झोपत होता. मी आल्यावर काल रात्रीही तसाच. आत्ता त्याचं डोकं एका बाजूला पार खांद्यावर कलंडलं होतं, तोंड उघडं होतं, आणि रस्त्याच्या प्रत्येक खळग्यावर मान सैल डोलत होती.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी आत घेतली आणि बंद केली. पेट्रोल भरायचं नव्हतं. मला रस्ता नीट दिसत नव्हता. त्याला जाग आली नाही. मी हे पत्र तिथंच, स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहिलंय, म्हणून अक्षर असं आहे.

आम्ही रात्री उशिरा पोचू.

तुमची,
ओडिल